आठात नऊ बसत नाहीत

एका चांगल्या तबलजीला मी गणितात नापास केलं होतं, आणि तेसुद्धा तो बिचारा गावात नसताना. "तीन त्रिक नऊ. केरवा तालाच्या मात्रा आठ. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं आपल्याला एक मात्रा जास्तीची खपवत होता," असं मी भर तालमीत, चष्मा नाकावर चढवून जाहीर केलं. बायका चकित झाल्या. मी तर स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी आरशासमोरून दोनदा जास्त गेले.

माझ्या बाजूने एवढंच सांगते, की तेव्हा मी अजाण होते. एकसष्ट वर्षांची.

तेव्हाच्या त्या बाईची थोडी ओळख करून देते, कारण आता माझा तिच्याशी फारसा संबंध राहिलेला नाही. तळासरीकडच्या एका शाळेत तिने तीसेक वर्षं गणित शिकवलं. रोज डहाणूहून एसटीने जायची आणि कंडक्टरचे सुटे पैसेही तपासून द्यायची. निवृत्तीनंतर कुणाला मधुमेह होतो, कुणाची गुडघेदुखी निघते, तिला तबला झाला. फोनवर धडे बघून आणि आठवड्यातून दोनदा क्लासला जाऊन तिने कसाबसा केरवा बसवला, आणि लगेच तिला वाटायला लागलं की संगीत म्हणजे काय, गणितच की, फक्त घाम येतो एवढंच.

आमच्या गल्लीतलं बायकांचं भजनी मंडळ तेव्हा अडचणीत होतं. आम्हाला साथ करायला कासाहून एक तबलजी यायचा, त्याला वापीला नोकरी लागली. तबल्याची जोडी घरात असलेली बाई मी एकटीच, त्यामुळे जिची बॅट तिची पहिली बॅटिंग या न्यायाने मी तबल्यावर बसले. आणि बसल्याबसल्या आधीच्या माणसाचं सगळं तपासायला घेतलं. नवीन हेडमास्तर येतात तेव्हा पहिल्याच दिवशी कपाटांच्या जागा बदलतात ना, तसं.

भजन संपताना तो तबलजी एक तिहाई वाजवायचा. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा, की ऐकणाऱ्याला कळतं, आता आलं, आता आलं, हे बघा आलं. आमचा तुकडा होता "हरी हो". ह, री, हो, अशा तीन मात्रा. तो तीनदा. म्हणजे नऊ. आणि केरवा आठ मात्रांचा. झालं! आठ मुलांच्या बाकावर नववं बसलेलं दिसावं तसं मला ते दिसलं. मी म्हटलं, हे चालणार नाही.

आता जावई. माझी मुलगी तळासरीला दिलेली आहे. जावई कॉम्प्युटरवाले, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरून करतात. पण तळासरीच्या त्यांच्या घरातलं नेटवर्क दुपारी बारा वाजले की डुलकी काढतं, म्हणून त्या वर्षी थंडीभर दोघं आमच्याकडे मुक्कामाला होती. पुढच्या खोलीत जावयांचा लॅपटॉप, मागच्या खोलीत माझा तबला, मध्ये एक पडदा. पडदा किती दिवस टिकणार? एकदा मी सहज विचारलं, "काय हो, तुमच्या त्या यंत्राला ताल समजतो का?"

ते म्हणाले, "आई, त्याला तेवढंच समजतं. एक काम पुन्हा पुन्हा, मोजून करायचं."

"मग ते माझ्याच जातीचं आहे," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढली.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घराला वेड लागलं होतं. मी म्हणायची, तीन मात्रांचा तुकडा आठ मात्रांच्या ठेक्यावर सोडला तर दोघं पुन्हा एकत्र कधी येतील? जावई चार ओळी लिहायचे, लॅपटॉप टकटक करायचा, आणि चोविसाव्या मात्रेनंतर दोघे हातात हात घालून पहिल्या पायरीवर हजर. "लसावि!" मी ओरडायची. "अहो, हा तर सहावीतला लसावि! मी पोरांना फळ्यावर शिकवला, त्यांनी पाठ केला, कुणालाच कळलं नाही की हा वाजतो!" मग पाच आणि आठ. मग सात आणि आठ. सात आणि आठाची भेट व्हायला इतका वेळ लागला की तोवर भात लागला. मी डाव्या हाताने पातेल्यावर आठ आणि उजव्या हाताने झाकणावर पाच धरून सगळ्या स्वयंपाकघरात फिरले. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना कुठे सापडलात गं? मला आधी माहीत असतं तर मी विचार केला असता."

जावयांनी भागाकाराची बाकीही ऐकवली. कितवीही मात्रा घ्या, आठाने भागा, बाकी बघा, ठेक्यातली जागा कळते. सतरावी मात्रा? बाकी एक, म्हणजे पहिलीच. मी तर हे ऐकून टाळ्याच पिटल्या. जन्मभर मुलांना सांगत आले की बाकी उरली तर ती शेजारी लिहा. बाकी म्हणजे उरलंसुरलं, ताटातलं शेवटचं. आणि इथे बाकी हाच पत्ता! घर नंबर!

इतकं सगळं कळूनही त्या बाईला नऊ भागिले आठ करायचं सुचलं नाही, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

याच दिवसांत विहीणबाई आल्या. जावयांची आई. त्या आरोग्य खात्यात परिचारिका होत्या, अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुया टोचल्यात. बाजारातून चालताना चांगले बाप्ये त्यांना बघून दंडावर हात ठेवतात. मडक्यात भाजलेलं उंबाडियू, कंद आणि पापडी, गरम गरम डबाभर घेऊन त्या मुलाला भेटायला आल्या, आणि आमची तालीम चालू होती म्हणून कोपऱ्यात बसून आमच्याबरोबर गायला लागल्या. आम्ही एकेक करून गप्प झालो. असला आवाज! भरलेला, खालून येणारा, आणि जराही लाडिक नाही. आमच्या मंडळाला तबलजी नव्हता हे खरं, पण खरी गोष्ट अशी की आमच्याकडे गायिकाही नव्हती, ती गोष्ट आम्ही आपसांत झाकून ठेवली होती.

"विहीणबाई, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. तुम्ही पुढे बसायचं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग कळलं. अठराव्या वर्षी एका लग्नात त्यांना माइक दिला होता. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, मांडवात हशा पिकला, आणि त्या पळाल्या त्या थेट मोरीत जाऊन कडी लावून बसल्या. त्यानंतर गाणं फक्त चुलीपुढे आणि रात्रपाळीला, झोपलेल्या पेशंटांपुढे. ते काही हसणार नाहीत.

"आता कोण हसतंय? मी गणिताने बांधून देते. चुकायला जागाच ठेवत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणता म्हणून बसते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. माझं हसं झालं ना, तर मी परत चारचौघांत सूर काढणार नाही. मंडळात नाही, देवापुढे नाही, नातवंडांच्या बारशाला पण नाही. मग मला गळ घालायची नाही."

मी म्हटलं, "कबूल." किती सहज म्हटलं! दुसऱ्याचा गळा पणाला लावताना माणूस कसा उदार होतो.

मी जावयांना कामाला लावलं. प्रोग्राम असा हवा, की तुकडा किती मात्रांचा, मध्ये थांबायचं किती, हे सगळं घालून बघायचं आणि जेवढ्या तिहाया आठात बसतील तेवढ्या काढायच्या. जावयांनी टायपता टायपता हात थांबवले.

"आई, एकूण आठ धरायचे, की आठ आणि पुढचा एक?"

"पुढचा एक कुठून आला?"

"नाही, आमच्याकडे टोकाला नेहमी घोळ होतो. सुरुवात धरायची का, शेवट धरायचा का. एकाने चुकतं सगळं. म्हणून विचारलं."

"तुमच्याकडे होत असेल. आमच्याकडे पाढे असतात. आठ म्हणजे आठ."

जावई म्हणाले, "बरं."

आमच्याकडे सासू जावयाला नाव घेऊन हाक मारत नाही आणि जावई सासूला चूक म्हणत नाही. पुरणपोळीवर तूप मागून घेतील, पण चूक म्हणणार नाहीत. त्यामुळे जावयाच्या "बरं"चे अर्थ ओळखावे लागतात. एक "बरं" म्हणजे होकार. दुसरं "बरं" म्हणजे, तुमच्या वयाकडे बघून गप्प बसतो. मला त्या काळी पहिलंच तेवढं ऐकू यायचं.

लॅपटॉपने सांगितल्याप्रमाणे केलं. कासाच्या तबलजीचं नऊ मात्रांचं "हरी हो" त्याने नापास केलं आणि त्याऐवजी दिलं: दोन मात्रा, एक विश्रांती, दोन मात्रा, एक विश्रांती, दोन मात्रा. आठ! ना कमी ना जास्त. "हरी, थांबा, हरी, थांबा, हरी." मी "हो" कापून टाकला आणि यंत्राने शिक्का मारला म्हणून सगळ्या गल्लीला सांगत सुटले. यंत्राने काय करायचं होतं? मी जे चुकीचं विचारलं त्याचं त्याने अगदी बरोबर उत्तर दिलं.

तालमी रंगल्या. आमच्या मंडळाची रीत अशी, की शेवटी तिहाई तीन वेळा घ्यायची, आणि प्रत्येक वेळेनंतर एक पूर्ण आवर्तन, म्हणजे आठ मात्रा, सगळ्यांनी स्तब्ध राहायचं. टाळ नाही, तबला नाही, नुसता तंबोरा. फार भारदस्त वाटतं. या स्तब्धतेमुळेच माझं पाप झाकलं गेलं. आठवर थांबलो काय आणि नऊवर थांबलो काय, पुढे शांतताच. फक्त आमच्या शेजारच्या गुजराती बेन, ज्या मंजिरा वाजवतात, दर वेळी हात हवेत ठेवून म्हणायच्या, "बेन, कंईक रही जाय छे." काहीतरी राहून जातंय. जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली नुसती हवा, तसं होतंय.

"ते नव्या पद्धतीचं आहे," मी सांगायची. "सवय होईल."

विहीणबाईसुद्धा दर वेळी शेवटी किंचित पुढे झुकायच्या आणि तशाच राहायच्या. मी म्हणायची, "पाठ सरळ."

स्पर्धेच्या दिवशी दुपारी हॉल गच्च भरला होता. झाईकडचं एक मंडळ होतं, कासाचं एक, आणि डहाणू रोडच्या बायका तर सगळ्या एका रंगाच्या साड्यांत. तंबोरा फोनवर वाजणार होता. जावयांनी स्वतःहून फोन आणून तो साउंडवाल्याच्या टेबलावर, हॉलच्या पार मागे, जोडून दिला होता. "मला मोरी कुठे आहे ते आधी सांगून ठेवा," विहीणबाई कुजबुजल्या.

पण गायल्या काय! पहिल्या ओळीला हॉलमधली वेफरची पाकिटं वाजायची थांबली. मी तबल्यावर होते आणि मला स्वतःचा तबला आवडायला लागला, इतकं त्या गात होत्या. शेवट आला. पहिली तिहाई. हरी, थांबा, हरी, थांबा, हरी. आठव्या मात्रेला सगळ्या बायका एका झटक्यात थांबल्या. हात स्थिर, माना ताठ. मी मनात म्हटलं, वा.

आणि त्या भारदस्त शांततेत, सगळ्या हॉलच्या स्पीकरमधून एकटी घंटा वाजली.

टण्ण.

तंबोऱ्याच्या त्या ॲपमध्ये घंटाही असते. लयीशी जुळवून चालू केली तर दर आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, वाजते. गाणं चालू असताना टाळांच्या आवाजात बुडून जाते. आता बुडायला काहीच नव्हतं.

"गोळेवाला आला वाटतं," मागून एक बाप्या म्हणाला.

मी न ऐकल्यासारखं केलं. आवर्तन संपलं, विहीणबाईंनी दुसरी तिहाई उचलली, आम्ही त्यांच्या मागे. हरी, थांबा, हरी, थांबा, हरी. सगळ्या स्तब्ध.

टण्ण.

आता हॉलभर खसखस. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, ही घंटा कोणाची?"

मी तोंड उघडायच्या आत आमच्या बेननी माइकमध्ये स्पष्ट उत्तर दिलं, "जमाईनी!"

हॉल फुटला. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या, आणि घंटा आपल्या नेमाने, दर आठ मात्रांनी, टण्ण, टण्ण, कुणाचीही भीड न ठेवता चालूच. मी जावयांकडे पाहिलं. ते साउंडवाल्याच्या टेबलापाशी खाली मान घालून फोन शोधत होते. मग भीतभीत विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ घट्ट मिटलेले, खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं. रडतायत. मी यांचा गळा मारला.

त्यांनी तोंड उघडलं आणि माइकमध्ये असा काही हसण्याचा फवारा आला की पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून जागं झालं. त्या हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात, तरी हसू थांबेना. तशातच मला मानेने खूण केली, की तिसरी घेते. घंटा वाजली, तिथून उचलायचं होतं. पण त्यांना हसू आवरेना, एक मात्रा त्या हसण्यातच गेली, आणि दुसऱ्या मात्रेवर त्यांनी "हरी" उचललं. आम्ही सगळ्या धडपडत त्यांच्या मागे. हरी, थांबा, हरी, थांबा, ह...

री आणि टण्ण. दोन्ही एकदम.

त्या एका क्षणात माझ्या हातांना जे कळलं ते मी लिहून सांगू शकत नाही. दार चोख लागावं, कडी आपोआप बसावी, तसं काहीसं. बेन ओरडल्या, "हवे आव्युं!" आलं! आत्ता आलं! आणि लोकांनी अशा टाळ्या दिल्या की बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावून पाहिलं.

बक्षीस मिळालं नाही, ते डहाणू रोडच्या एकरंगी साड्यांना गेलं. रिक्षात बसल्यावर मी जावयांना धरलं.

"घंटा तुम्ही लावलीत?"

"हो, आई."

"का?"

ते रिक्षाच्या मीटरकडे बघत म्हणाले, "तुम्हाला तोंडावर कसं सांगणार? म्हटलं, घंटा ऐकलीत की तुम्हालाच कळेल. तालमीतच लावणार होतो, पण तुम्ही म्हणायचात मला यंत्राच्या ठेक्याची गरज नाही."

"काय कळेल?"

"चिकूवाडीच्या एका बाजूला कुंपण घालताना आठ गाळे असले तर खांब किती लागतात, आई?"

"नऊ," मी फटकन म्हटलं, आणि म्हटल्यावर स्वतःच ते ऐकलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला हे गणित दर वर्षी असायचं. खांब आणि अंतरं. जी पोरं आठ लिहायची त्यांच्या वह्यांवर मी लाल पेनाने एवढा मोठा भोपळा काढायची! तिहाईचं शेवटचं अक्षर या आवर्तनात बसतच नाही, ते पुढच्या आवर्तनाच्या दारात जाऊन उभं राहतं. तो नववा खांब म्हणजेच सम. कासाच्या त्या तबलजीने प्रत्येक वेळी नववा खांब नीट रोवला होता, आणि मी तो जास्तीचा म्हणून उपटून टाकला. विहीणबाई उशिरा सुरू झाल्या म्हणून माझं आठाचं कुंपण सगळंच एक घर पुढे सरकलं आणि शेवटचा खांब आपोआप जागेवर आला. हिशोब चुकलेलाच होता. हसण्याने तो जुळवला.

मला हे सगळं विहीणबाईंना समजावून सांगायचं होतं, पण त्या वाटभर खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत बसल्या होत्या. मोठा हॉल त्यांना हसला होता. लग्नातल्या त्या मांडवाच्या दुपटीने लोक असतील. मी स्वतःच कबूल म्हणून बसले होते, आता गळ तरी कोणत्या तोंडाने घालणार?

घरी आल्यावर मी चहा टाकला. कप त्यांच्या पुढ्यात ठेवून मी म्हटलं, "विहीणबाई, चूक माझी. पूर्णपणे माझी. मी पुन्हा गा म्हणणार नाही. पण..."

त्यांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला, आणि म्हणाल्या:

"अहो, एवढी वर्षं दवाखान्यात काढली, पण लोक हसले म्हणून दगावलेला पेशंट माझ्याकडे एकही आला नाही. हे मला आजच कसं सुचलं? पुढचं भजन मी निवडणार, तबल्यावर तुम्हीच बसायचं, आणि या चहात साखर नाहीये."